येरुंग म्हटल्यावर उठता येत नाही

माझी आत्या नीलाबाई हिने आयुष्यात कोणाला माफ केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. साप डूख धरतो म्हणतात, पण साप निदान कात तरी टाकतो. जिवतीच्या पहाडात तिचं गाव. तिथल्या आठवडी बाजारात एका व्यापाऱ्याने तिची चारोळी मोजताना काटा मारला. ती भांडली नाही. पुढच्या बाजाराला सकाळीच त्याच्या दुकानासमोर पोतं अंथरून बसली आणि त्याच्या काट्याकडे जाणाऱ्या प्रत्येक बाईला हळूच म्हणू लागली, "त्याच्या हाताकडं पाह्य." असे किती बाजार गेले कोण जाणे, शेवटी त्याने आपलं दुकान दुसऱ्या गावच्या बाजारात हलवलं. आत्या बस धरून एकदा तिथेही जाऊन बसून आली.

मला तिचा हा स्वभाव आवडायचा. मी सुनिल, ऊर्जानगरच्या वसाहतीत बस चालवतो. साहेबलोकांची पोरं शाळेत नेता-आणताना पुष्कळ गिळावं लागतं आणि वर हसावंही लागतं. अशा माणसाला न गिळणारी आत्या असली की बरं वाटतं.

पुढचं कळायचं तर आमच्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. आम्हा गोंडांत नुसत्या आडनावाने माणसाची ओळख पुरी होत नाही. किती देवांचे, हे विचारावं लागतं. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. एका आकड्याचे सगळे एकमेकांचे भाऊबहीण, मग ते जन्मात एकमेकांना भेटलेले नसोत. सोयरीक करायची ती दुसऱ्या आकड्यात. मी सहा देवांचा. आत्याही जन्माने सहाचीच, पण लग्न होऊन साताच्या घरात गेली.

सातात गेली म्हणजे तिला मोजून घेतलं. तिच्या गावात नवी सून आली की तिला देवाच्या झाडाखाली बसवतात. घराण्यातली सगळ्यात वडील बाई तिच्या डोक्यावर तांदळाची चिमूट सोडते आणि मोठ्याने म्हणते, "उंदी." म्हणजे एक. असं एकेक चिमूट टाकत ती येरुंगपर्यंत येते. येरुंग म्हणजे सात. येरुंग म्हटलं की सून सात देवांची झाली. तिथून मागे मोजायची रीत नाही. सातच्या पुढे त्या गावात कोणी गोंडीत मोजत नाही, सरळ मराठीत येतात. बाजारहाटाला तेच बरं पडतं. पण सातपर्यंतचे शब्द त्यांनी बाजारासाठी ठेवलेले नाहीत.

घराण्यातल्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या आणि मोजायचा मान माझ्या आत्याकडे आला. तिला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. गावातल्या सगळ्या सुना मात्र तिच्या आवाजाने घरात आलेल्या. त्या आवाजाचा तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे. एखादी सून सासूशी वाकडं बोलली तर आत्या दारात उभी राहून म्हणायची, "तुले म्या मोजून आणलं हाय, ध्यानात ठेव."

आता प्रणितकडे येतो. हा माझ्याच बसमधून शाळेत जायचा, बाप वीज केंद्रात अधिकारी. पोरगा हुशार आणि बोलण्यात गोड. दुसऱ्याच्या डब्यातलं आधी खायचं आणि मग "घेऊ का?" म्हणून विचारायचं, ही त्याची सवय मी आरशातून कैकदा पाहिलेली. पुढे तो पुण्याला गेला आणि मोबाइलवर खेळायचे गेम बनवू लागला. जंगलातला एक गेम करायचा म्हणून पहाड बघायला आला आणि पहाडाने त्याला मलेरिया दिला. गावच्या उपकेंद्रातली नर्स दिव्यानी हिने त्याचं रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, ताप उतरेपर्यंत लक्ष ठेवलं. ताप उतरला, पण त्याचं उपकेंद्रात येणं थांबलं नाही.

दिव्यानी म्हणजे आत्याच्या धाकट्या दिराची, कोलूची मुलगी. आई तिच्या लहानपणीच गेल्यामुळे ती आत्याच्याच हाताखाली वाढली, तिला मोठमाय म्हणते. प्रणितशी लग्न करायचं तिच्या मनात आहे हे तिने बापाला सांगितलं नव्हतं, मोठमायला सांगितलं होतं. आत्याने मला सांगितलं, कारण पोरगा माझ्या बसमधला. मी म्हटलं, ठीक आहे, फक्त डबा सांभाळायला सांग. बाहेरच्या माणसाला आमचा आकडा नसतो, त्यामुळे आडवं येण्यासारखं काही नव्हतं. गावाला जेवण दिलं की पंच मान डोलावतात.

दिव्यानीच्याच ओळखीने प्रणित आत्याच्या अंगणात येऊन बसला. मी त्या दिवशी तिथेच होतो. त्याने चहा घेतला आणि आम्हाला एक नवलच सांगितलं. परदेशात एका पडद्यावरच्या लढाऊ जमातीसाठी, जी जमात कुठेच नाही, एका पंडिताने बसून सबंध भाषा रचली म्हणे. क्लिंगॉन तिचं नाव. जगभर लोक ती शिकतात. त्या भाषेत आकडे आहेत, आणि नुसते आकडे नाहीत, तर आकड्यांना मागचा इतिहासही दिलेला आहे: ते लोक आधी तिना-तिनाने मोजायचे, मग इतरांशी संबंध आल्यावर दहावर आले. प्रणितला याचं फार कौतुक. म्हणाला, माझ्या गेममधल्या लोकांनाही अशी भाषा हवी, आणि आकडे असे हवेत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे फार जुने आहेत.

आत्याने विचारलं, जे लोकच नाहीत त्यांना मोजायला काय असतं? तो हसला. मग म्हणाला, मोठमाय, तुम्ही कसं मोजता ते एकदा म्हणाल का? त्याने मोठमाय म्हटलं आणि आत्या पाघळली. होणारा जावई आहे, समजून घेऊ पाहतो आहे, असं तिला वाटलं. तिने सुनेला मोजतात तसं, त्याच सुरात, उंदीपासून येरुंगपर्यंत मोजून दाखवलं. आपल्याकडे हे आकडे म्हणजे माणसाची नाती कशी, तेही सांगितलं. त्याचा मोबाइल खाटेवर चालू होता. तेव्हा त्याने विचारलं नाही, आणि नंतरही विचारलं नाही.

गेम आला. त्यात ग्राख नावाचे राक्षस आहेत, माणसं मारतात आणि मुंडकी ओळीने मांडून मोजतात. मोजणारा आवाज आत्याचा होता. थोडा जाड केलेला, पण तिचाच, आणि सूर सुनांना मोजायचा. सातच्या पुढचे आकडे त्याने स्वतः काहीतरी जुळवून घातले होते. आत्याला हे कळलं ते बाजारात. मोबाइल रिचार्ज करणाऱ्याच्या दुकानात चार-पाच जण खेळत उभे होते आणि तिला मागून आपलाच आवाज ऐकू आला. तिने आत डोकावून पाहिलं तेव्हा पडद्यावर एका बाईचं मुंडकं ठेवलं जात होतं आणि ती स्वतः म्हणत होती, येरुंग.

तिने घरी येऊन दोन दिवस तोंड उघडलं नाही. गावाने मात्र उघडलं. मटणाच्या दुकानात बकऱ्याची मुंडी ठेवली की कोणीतरी तिच्या सुरात मोजायचं आणि बाकीचे हसायचे. पुढे एका घरात लग्न झालं. सून देवाच्या झाडाखाली बसली, आत्या तांदूळ घेऊन उठली, तेवढ्यात पत्रूने हात आडवा केला. पत्रू म्हणजे त्या देवाचा कटोडा, पुजारी. म्हणाला, ज्या तोंडानं राक्षसांसाठी मुंडकी मोजली त्या तोंडानं सून मोजता येणार नाही. आत्याने सांगून पाहिलं की तिला ठाऊक नव्हतं. पत्रू म्हणाला, ठाऊक नव्हतं तर म्हटलं कशाला? तिच्या हातातलं तांदळाचं सूप दुसऱ्या बाईकडे गेलं. आत्या सगळ्यांदेखत परत येऊन बसली. मी तिच्या शेजारी होतो. तिने माझ्याकडे न बघता एवढंच विचारलं, "तो पोरगा आता कुठी राह्यते?"

तो तेव्हा मुलाखती देत होता. एका मुलाखतीत त्याला विचारलं, हे आकडे सुचले कसे? म्हणाला, बांबूच्या बनात वाऱ्याचा आवाज ऐकताना एकेक शब्द आपोआप आला. मी ते ऊर्जानगरच्या बस थांब्यावर पाहिलं आणि मोबाइल फेकावासा वाटला. मुलाखत नागपूरकडच्या आमच्या लोकांनीही पाहिली. त्यांनी आरडाओरड केली, हे तर आमचे शब्द आहेत, आणि देवाच्या नात्यातले आहेत. मग प्रणितची भाषा बदलली. तो म्हणू लागला की मी त्या लोकांतलाच एक आहे, त्यांनी मला आपलं मानलं आहे. गेमचा दुसरा भाग यायचा होता आणि त्याला हे कुठेतरी दाखवायलाही हवं होतं.

दिव्यानी त्याच्यावर चिडली होती, पण सोडायला तयार नव्हती. तिने अट घातली: आधी गावात जाऊन मोठमायची माफी माग, तिचा आवाज गेममधून काढ, मग मी बाबाला सांगते. तो हो म्हणाला. माफी मागायला तो कॅमेरेवाले घेऊन आला. दिव्यानी त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गडचिरोलीला गेली होती.

पत्रूकडे बसून त्याने गोड बोलणं सुरू केलं. मला तुमच्यातला करून घ्या, म्हणाला, सुनेला करता तसंच, आणि त्याच मोठमायच्या हाताने, म्हणजे जगाला कळेल की गावाचा माझ्यावर राग नाही. कॅमेरा पत्रूच्या तोंडावर होता. पत्रूला एरवी जिवतीच्या पलीकडे कोणी ओळखत नाही. त्याने पंचांकडे पाहिलं, पंचांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना एकदम आठवलं की पूर्वीही बाहेरच्याला असं घेतलेलं आहे. आत्याला बोलावणं गेलं. जे सूप हातातून काढून घेतलं होतं ते पत्रू स्वतः घेऊन आला.

मी सुटीवर तिथेच होतो. आत्याने मला घरामागे नेलं. मी म्हटलं, हाकलून दे त्याला. ती म्हणाली, "हाकलून काऊन देऊ? तो स्वतःच्या पायानं येऊन राह्यला ना." तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला कळलं. दिव्यानी सात देवांची. येरुंग म्हटलं की प्रणितही सात देवांचा. प्रणितला आमच्या नात्यांचं सगळं तिनेच सांगितलेलं, पण त्याने तेव्हा शब्द तेवढे उचलले होते. पंचांना दिव्यानीचं प्रकरण ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते आम्हा दोघांना.

मी विचारलं, आणि पोरीचं काय? आत्याने त्याचाही विचार केलेला होता. पोराने कॅमेऱ्यासमोर उभं राहून कबूल करावं की ते सगळं खोटं होतं, मी देवासमोर नाटक करायला बसलो होतो, मी यांच्यातला नाही आणि हे शब्दही माझे नाहीत, तर मोजणंच रद्द होईल. खोटं मोजणं देवाला पोचत नाही, एवढी वाट पत्रूही नाकारणार नव्हता. "पोरीसाठी बोलाच लागल त्याले," आत्या म्हणाली. "साऱ्या दुनियेसमोर आपल्या तोंडानं बोलल तो, मी चोर हाय म्हणून. मंग नेऊ दे पोरीले." मला हा डाव इतका आवडला की मी तिच्या पाया पडलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला दिव्यानीपेक्षा त्या पोराचं उतरलेलं तोंड जास्त दिसत होतं.

प्रणित झाडाखाली मांडी घालून बसला. आत्याने सूप हातात घेतलं आणि तांदूळ उचलण्याआधी त्याला सगळ्यांदेखत बजावलं. कॅमेऱ्यात ते आजही आहे.

"इचार करून बस, बापा. येरुंग म्हटल्यावर उठता येत नाई."

तो हसून म्हणाला, "मला उठायचंच नाहीये, मोठमाय." आणि तिने मोजलं. त्या दिवशी तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. येरुंगला तिने जरा थांबून, त्याच्या डोळ्यांत बघून, शेवटची चिमूट सोडली. बायकांनी त्याला पाणी दिलं, पत्रूने त्याला आपल्या भावांच्या पंगतीत बसवलं. आत्याला तिचा मान परत मिळाला, आणि पत्रूने तो दिला म्हणून तिला दुप्पट गोड लागला.

दिव्यानीने हे गडचिरोलीत मोबाइलवर पाहिलं. मिळेल त्या बसने ती परत आली आणि आधी बापाकडे गेली. कोलूने सगळं ऐकून घेतलं. बिचारा म्हणाला, काल सांगितलं असतंस तर गावजेवण घातलं असतं, आज तो तुझा भाऊ आहे. पंच बसले. प्रकरण कळल्यावर पत्रूचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण मोजलेलं मोजलं. आत्याने वाट सांगितली: पोराने कबूल करावं, कॅमेऱ्यासमोर. पंचांनी मान्य केलं. दिव्यानीने आत्याकडे एकदाच पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. पण तिचा अजून प्रणितवर विश्वास होता. निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण तो आईबापांकडे ऊर्जानगरला उतरला होता.

मी त्याला बस डेपोच्या मागे गाठलं आणि काहीच आडपडदा न ठेवता सांगितलं. भाऊ झालास, लग्न होत नाही. खोटं बोललो म्हण, लग्न होतं. आत्यासाठी त्याचा चेहरा नीट बघून घ्यायचं मी ठरवलं होतं. चेहरा पडला, पण मला हवा होता तितका नाही. त्याने थोडा वेळ बुटाच्या टोकाने खडा इकडून तिकडे केला. मग म्हणाला, "काका, दुसरा भाग महिन्यावर आलाय. सगळीकडे सांगून झालंय की मी सात देवांचा आहे. आता मागे कसं घेणार?" मी म्हटलं, "आणि दिव्यानी?" तो म्हणाला, "ती समजून घेईल. ती समजूतदार आहे."

मी त्याच्या कानाखाली वाजवली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. नोकरी आडवी आली.

त्यानंतर दिव्यानीला त्याचा फोन आला नाही. काही दिवसांनी त्याने एक फोटो टाकला, उपकेंद्राच्या पायरीवर काढलेला, दोघांचा. तो फोटो तिच्याकडेही होता. तिने कोणाला दाखवला नव्हता. त्याने खाली लिहिलं होतं, माझी जंगलातली बहीण दिव्यानी, हिच्यामुळे मला माझे लोक मिळाले. हजारो लोकांनी त्यावर हात जोडले होते.

फोटो गावात पोचला त्या दुपारी मी आत्याकडे होतो. दिव्यानी ड्यूटीवरून तशीच आली आणि ओसरीवर टेकली. रडली नव्हती. आत्या तिच्यासमोर बसली. आत्याचा चेहरा ओढला होता. तिने गुडघ्याएवढा खड्डा खणला होता आणि त्यात तिचीच पोर उभी होती. तरी माघार घेणं तिला येत नाही. तिने दिव्यानीचा हात धरला आणि जे तिला खरंच वाटत होतं तेच बोलली.

"बरं झालं, बाई. लग्नाआधी कळलं. असा नवरा काय कामाचा? सुटली तू."

दिव्यानीने हात सोडवून घेतला नाही. शांतपणे म्हणाली, "नवरा असता तं सोडला असता, मोठमाय. आपल्यात नवरा सोडता येते. त्याच्याशी पटलं नाई म्हणून मी दुसरं घर केलं असतं, कोणी नाव ठेवलं नसतं. भाऊ कसा सोडू?"



"तुले त्याचा सूड घ्याचा होता," दिव्यानी म्हणाली. "तू मले त्याच्याशी मरेपर्यंत बांधून ठेवलं."

  आत्या उठून आत गेली, चूल पेटवली, आणि चहा ठेवायला विसरून तिच्यापुढे बसून राहिली. मी पत्रूकडे गेलो, म्हटलं, काढा काही वाट. पत्रू म्हणाला, वाट त्या पोराच्या तोंडात आहे, आणि तो तर साऱ्या जगाला आपलं नातं सांगून राह्यला.

पौषात देवाची पूजा झाली. सात देवांचे भाऊ लांबलांबून आले, आणि प्रणितही आला, डोक्याला पांढरा फेटा बांधून, कॅमेरा घेऊन. आलेल्या भावाच्या पायावर घरच्या बहिणीने पाणी घालायचं असतं. दिव्यानी तांब्या घेऊन पुढे झाली. तिने पाणी घातलं, थेंबही इकडेतिकडे सांडला नाही, आणि वर पाहिलं नाही. तो "ताई" म्हणाला. मग वळला आणि वाकून आत्याच्या पाया पडला.

सगळं घराणं बघत होतं.  आत्याने आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.